अंगणवाडीत जाणारं मूल पोटभर जेवावं म्हणून

खानापूर, बेळगाव भागात रोपलावणी सुरू झाली की आई सकाळी लवकर शेताकडे जाते आणि मूल चहा-बिस्किटावर अंगणवाडीत येतं. दुपारी दोन घास खाऊन ताटावरून उठतं. 'आमचं पोर जेवतच नाही' ही तक्रार तिथून सुरू होते. मी म्हणेन, मुलाला दोष देण्याआधी सकाळपासून त्याच्या पोटात काय गेलं ते बघा.

१. सकाळचा चहा सोडवा. चहानं भूक मरते, शिवाय जेवणातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी आंबील द्या. रात्री दोन चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात भिजवा. सकाळी थोडं पाणी उकळून त्यात ते ओता आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहा. कच्चा वास गेला, पीठ चकाकायला लागलं की उतरवा. कोमट झाल्यावर ताक आणि चिमूटभर मीठ घाला. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, आणि नाचणी तर आपल्याच रानातली.

२. अंगणवाडीत काय मिळतं ते विचारून घ्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथल्या पूरक आहारातून दिवसाच्या गरजेचा एक भागच मिळतो. कर्नाटकात २०१३ पासून क्षीर भाग्य योजनेचं दूधही मिळतं. पण चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १,३५० किलोकॅलरी. म्हणजे 'तिकडं जेवलाय की' म्हणून घरचं जेवण कमी करून चालत नाही.

३. आधी थोडंच वाढा. ताट, वेळ आणि पदार्थ मोठ्यांनी ठरवावेत. किती खायचं ते मुलानं. भरलेलं ताट बघूनच लहान मूल दबतं. अर्धी वाटी आमटी-भात संपला की ते स्वतःहून वाटी पुढे करतं, आणि तो मागितलेला घास अंगाला लागतो. शेवग्याचा पाला किंवा राजगिऱ्याची भाजी पहिल्यांदा बाजूला सारली तर रागावू नका, तोंडात कोंबूही नका. चार दिवसांनी पुन्हा चमचाभर वाढा. नवी चव रुळायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही लागतात. आवडीनं खाणाऱ्या मुलाशेजारी बसवलं तर काम लवकर होतं.

४. मागायला शिकवा. काही अंगणवाड्यांत ताई कन्नड बोलतात आणि नवं मूल गप्प उपाशी बसतं. 'बेकु' (हवं), 'साकु' (पुरे), 'नीरु' (पाणी) एवढे शब्द घरीच खेळता खेळता शिकवा. भूक, पाणी आणि शी-शूसाठी आपलं मूल काय म्हणतं तेही ताईंना पहिल्याच दिवशी सांगा.

५. पाच रुपयांचं पाकीट थांबवा. अंगणवाडी सुटल्यावर वाटेतल्या दुकानातलं ते पाकीट रात्रीच्या जेवणाची भूक खातं. आजोबा प्रेमानंच पैसे देतात, म्हणून त्यांच्याशी भांडू नका. 'तुमच्या हातानं रताळं द्या, तुमच्याकडनं खातो तो' असं सांगा. आपल्याकडच्या लाल मातीतलं रताळं उकडून गुळाच्या खड्याबरोबर दिलं की मुलं खूश असतात. शेंगदाण्याचा कूट आणि गुळाचा लाडूही चालेल. मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात.

६. दर महिन्याला वजन विचारा. ताई वजन करून तक्त्यावर मांडतात. तो तक्ता मागून बघा, तो तुमचा हक्क आहे. सलग दोन महिने वजन वाढलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. पायांवर सूज दिसली तरी तसंच समजा. अशा वेळी लावणी असो की सुगी, मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.