अकरावी पुण्यात, ए-लेव्हल इंग्लंडात

यांची बदली रेडिंगला झाली तेव्हा लेकीची पुण्यात सायन्सची अकरावी निम्मी झाली होती. जानेवारीत तिकडच्या शाळेने तिला चालू इयर ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे ए-लेव्हल या तिकडच्या अकरावी-बारावीसारख्या दोन वर्षांच्या कोर्सच्या पहिल्या वर्षात, बसवून घेतलं. गणित जमलं, पण केमिस्ट्री अडली. ए-लेव्हलला ठरावीक प्रात्यक्षिकं स्वतः करून वहीत नोंदवावी लागतात. त्याचा 'पास' शेरा ग्रेडमध्ये धरत नाहीत, पण सायन्सच्या कोर्सला बरीच विद्यापीठं तो मागतात. वर्गाची निम्मी प्रात्यक्षिकं उरकली होती आणि हिची पानं कोरी.

त्याहून मोठी अडचण यूकॅसच्या, म्हणजे तिकडच्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक अर्जाची. त्यात शिक्षकांनी अंदाजलेले ग्रेड जातात. हिला जेमतेम दोन टर्म ओळखणारे सर काय अंदाज देणार? शिवाय मेडिकलचा अर्ज १५ ऑक्टोबरलाच बंद होतो.

मी शाळेत जाऊन बसले आणि सप्टेंबरपासून इयर ट्वेल्व्ह पुन्हा सुरू करून घेतलं. "आई, मी नापास झालेय का गं?" असं तिने त्या रात्री विचारलं, ते अजून टोचतं. पण ए-लेव्हलचा निकाल दोन वर्षांअखेरच्या परीक्षेवर असतो, म्हणून पाया पक्का हवाच होता.

बोर्डाचं नाव मात्र पहिल्याच दिवशी विचारा. एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल, प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा असतो; आम्ही जुनी पुस्तकं भलत्याच बोर्डाची आणली होती. फीचंही आधीच पाहा: तिथल्या शाळेत शिकलं म्हणून विद्यापीठात स्थानिक विद्यार्थ्यांची फी आपोआप लागू होत नाही, व्हिसा आणि आधीच्या तीन वर्षांचं वास्तव्य तपासतात.

या ऑक्टोबरात अर्ज गेला. प्रात्यक्षिकांची वही आता भरलेली आहे.