नदीकाठची जमीन: इसार देण्यापूर्वीची आणि पाया खणण्यापूर्वीची तयारी

वर्धा, वैनगंगा किंवा पैनगंगेच्या थडीला जमीन घेऊन घर बांधायचे मनात असेल, तर ती जमीन दोनदा पाहावी: एकदा पोळ्याच्या सुमारास, नदी भरून वाहत असताना, आणि एकदा वैशाखात, पात्र आटून काठाची उभी कड उघडी पडलेली असताना. दलाल बहुधा हिवाळ्यात नेतो. तेव्हा हरभरा हिरवा असतो, पाणी निवळलेले असते आणि काठ जन्मोजन्मीचा वाटतो. वैशाखातल्या फेरीत भेगा पाहाव्यात. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण त्या जाळीसारख्या सगळीकडे पसरलेल्या असतात. कडेपासून दोन-चार मीटर आत, कडेला समांतर अशी एकच लांब भेग धावताना दिसली, तर तेवढा तुकडा निघण्याच्या बेतात आहे असे समजावे. मग पात्रात उतरून कड समोरून पाहावी. वर काळी माती आणि खाली रेतीचा थर असेल, तर पूर आधी रेती ओढून नेतो आणि वरची माती पोकळीवर लोंबकळून नंतर कोसळते. ही पडझड बरेचदा पूर ओसरताना होते, कारण चिंब भिजून जड झालेल्या काठाला असलेला पाण्याचा टेका एकाएकी निघून जातो. म्हणून ‘पुरात काही झाले नाही’ या उत्तरावर न थांबता, पाणी उतरल्यानंतरच्या आठवड्यात काय झाले, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे. वळणाच्या बाहेरच्या अंगाची जमीन शक्यतो घेऊच नये, आणि जवळ रेती घाट, म्हणजे पात्रातून रेती उपसण्याची जागा, असेल तर अधिकच सावध असावे, कारण पात्र खोल गेले की काठाचा पायाच उघडा पडतो.

मी एकदा अशीच जमीन पाहायला गेलो असता पात्राच्या कडेला दगडी बांधणीची विहीर धुराड्यासारखी उभी दिसली. चहूबाजूंची माती वाहून गेली होती. तोंडाच्या दगडावर दोराने पडलेले वळ मात्र शाबूत होते. विक्रेत्याच्या सातबाऱ्यावर ती विहीर अजून शेतातच होती, आणि भावही तिच्यासकट सांगितला जात होता.

त्यामुळे सातबाऱ्यावरील क्षेत्र प्रमाण न मानता, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी आणि प्रत्यक्ष शिल्लक असलेल्या क्षेत्राचाच भाव ठरवावा. मोजणीचा खर्च विक्रेत्याने करावा असा आग्रह धरून पाहावा. त्याचा नकारही काही सांगून जातो. नदीने गिळलेल्या जमिनीचा सारा कमी होऊ शकतो, पण जमीन परत मिळत नाही. प्रवाह बदलून जमीन वाहून गेल्यास 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत हेक्टरी 47,000 रुपयांची मदत आहे, तीही केवळ अल्प व अत्यल्प भूधारकांना.

घर कडेपासून किती आत असावे, याचे गणित करता येते. जुन्या उपग्रह चित्रांवर एखादे मंदिर किंवा रस्ता खूण धरून 15 वर्षांपूर्वीची कड आणि आजची कड यांतील अंतर मोजावे. समजा 12 मीटर काठ गेला आहे. म्हणजे सरासरी वर्षाला 80 सेंटिमीटर, आणि घराचे आयुष्य 50 वर्षे धरल्यास 40 मीटर. काठाची उंची 6 मीटर असेल, तर उतार स्थिर होण्यासाठी तिच्या दुप्पट, म्हणजे आणखी 12 मीटर सोडावेत. सरासरी मात्र फसवी असते: दहा वर्षे काहीच जात नाही आणि ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आला तसा एखादा पूर सगळा हिशेब एका रात्रीत चुकता करतो. आलेल्या 52 मीटरवर वाव ठेवूनच आखणी करावी, आणि तेवढी जागा उरत नसेल तर व्यवहार सोडावा.

कागदपत्रांत फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) आणि आठ-अ (खातेदाराचा उतारा) हे सगळेच पाहतात. आपल्याकडे त्याशिवाय विदर्भाचा 1958 चा कुळवहिवाट कायदा लागू असल्याने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेताना परवानगीचा प्रश्न येतो. पूर्व विदर्भात गटाची नोंद झुडपी जंगल अशी नाही ना, हे तपासावे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये अशा जमिनी वनजमीनच मानल्या आहेत. निस्तार पत्रकात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वहिवाटीच्या हक्कांच्या नोंदीत, नदीच्या घाटाकडे जाणारी वाट गटातून असेल तर ती अडवता येणार नाही. समुद्रकाठी भरतीरेषेपासूनचे सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम असतात. आपल्याकडे ते काम पूररेषा करते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा त्या गावासाठी आखली आहे का, हे जलसंपदा विभागाकडे लेखी विचारावे. निळ्या रेषेच्या आत घर बांधू नये.

पाया काळ्या मातीत टेकवू नये. माती परीक्षण करून मुरमापर्यंत जावे, किंवा अभियंत्याच्या सल्ल्याने फुगीर बुडाचे काँक्रीटचे खांब मातीच्या फुगण्या-आक्रसण्याच्या थराखाली, किमान साडेतीन मीटर खोल न्यावेत. जोत्याची उंची गावातील जुन्या पुराच्या खुणेवरून ठरवावी. शोषखड्डा आणि छताच्या पाण्याचा पन्हाळ कडेच्या दिशेला कधीही काढू नये, आणि विटा-रेतीचे ढीगही तिकडे रचू नयेत. काठावर बांबू आणि वाळा लावावा. एकट्याने दगडी भिंत घातली तर प्रवाह तिच्या टोकाशी वळून शेजाऱ्याचे शेत खातो आणि मग मागून आपलेही.

घराच्या विम्याबाबत मोठा गैरसमज आहे. भारत गृह रक्षा या पॉलिसीत पुराचे नुकसान येते, जमीन खचण्याचेही येते, पण किनारा किंवा नदीकाठ झिजल्यामुळे झालेले खचणे त्यातून वगळलेले आहे. अटींतील ती ओळ सही करण्यापूर्वी वाचावी.

ताबा मिळाल्यावर कडेपासून 10, 20 आणि 30 मीटरवर लोखंडी खुंट्या ठोकाव्यात, दरवर्षी दसऱ्याला टेपने अंतर मोजावे आणि गोठ्याच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे.