कुरणात युरिया फेकण्याआधी

पहिल्या पावसानं कुरण हिरवं झालं की दोन गोष्टींची घाई हमखास होते: जनावरं लगेच आत सोडायची आणि गवत जोमानं यावं म्हणून युरिया फेकायचा. फटका त्याच हंगामात बसत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

युरियातलं नत्र मिळालं की उंच गवतं झपाट्यानं वाढून खालच्या झाडोऱ्याचं ऊन अडवतात. मुळांवरच्या गाठींमुळे हवेतलं नत्र वापरू शकणाऱ्या द्विदल वनस्पतींना एरवी जो फायदा असतो, तो इथं उरत नाही. त्या सावलीत खुरटतात. वैरणीचं वजन वाढतं, पण प्रथिनांचा फुकटचा पुरवठा जातो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथं १८५६ पासून एकाच कुरणाच्या तुकड्यांना वेगवेगळी खतं देऊन पाहण्याचा प्रयोग चालू आहे. तिथं बिनखताच्या तुकड्यांत वनस्पतींच्या ४०च्या आसपास जाती दिसतात. वर्षानुवर्षं भरपूर अमोनियम सल्फेट हे नत्रखत दिलेल्या, आम्लता कमी करणारा चुना न घातलेल्या तुकड्यांत जेमतेम दोन-तीन. त्यात मोठा वाटा आम्ल झालेल्या मातीचाही आहे. तेव्हा मातीचा सामू (ती किती आम्ल आहे ते) तपासल्याशिवाय खताला हात लावू नका.

खत बंद केलं की गेलेल्या जाती परत येतील, या भरवशावर राहू नका. मिश्र खतांतून आलेलं स्फुरद (फॉस्फरस) मातीत अनेक वर्षं टिकून राहतं आणि कुरणातल्या बऱ्याच जातींचं बी मातीत फार काळ जगत नाही. अशा ठिकाणी गवत कापून बाहेर न्यावं, म्हणजे साठलेलं सत्त्व हळूहळू उतरतं. मग जवळच्या जुन्या, बिनखताच्या कुरणातलं बी धरलेलं गवत आणून पसरावं.

चराईचं गणित सोपं आहे. जनावर चवदार गवत आधी खातं. ते पुन्हा पुन्हा बुडापर्यंत खाल्लं गेलं की कुसळी आणि टाकळा जागा घेतात. बुडखा ८ ते १० सेंटीमीटर उरला की जनावरं दुसऱ्या भागात हलवा. कुरणाचे चार भाग करा आणि दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवा, पण भाग आलटूनपालटून. कायमचं कुंपण घालून कुरण ‘जपणं’ ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात वाळल्या गवताचा थर साचतो, रोपं उगवत नाहीत आणि झुडपं शिरतात. बी झडल्यावर वर्षातून एक कापणी तरी हवीच.

गवत फुलोऱ्यात असताना चार ठिकाणी मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन आखून त्यातल्या जाती मोजा, खुंट्या ठोकून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच सुमारास पुन्हा मोजा.