‘काबिरिया’ पडद्यावर दाखवताना

जोवान्नी पास्त्रोने या इटालियन दिग्दर्शकाचा मूकपट ‘काबिरिया’ (तुरिन, 1914) दाखवायचा तर आधी प्रत तपासा. 1931 मध्ये पास्त्रोनेनेच त्याची ध्वनी आवृत्ती पुन्हा संकलित केली. ती पहिल्यांदा बघणाऱ्यांना दाखवू नका. मूळच्या जवळची, तुरिनच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पुढाकाराने 2006 मध्ये पुनरुज्जीवित झालेली प्रत सुमारे तीन तासांची आहे. हातातली प्रत दोन तासांची असेल, तर एक तर कात्री लागली आहे, नाहीतर वेग चुकला आहे.

वेग ओळखायचा तो माणसांच्या चालण्यावरून. मोलोक या देवाच्या मंदिरातले पुजारी तुरुतुरु धावताना दिसले, की सेकंदाला 16 चौकटींच्या (फ्रेम्सच्या) जवळपास चालायला हवी ती फिल्म 24 ने चालली आहे. एक हजार फुटांचं रीळ 16 ने साधारण 16 मिनिटं 40 सेकंद चालतं, 24 ने फक्त 11 मिनिटं. प्लेअरमध्ये वेग 0.67 करा. संगीत त्याबरोबर रेंगाळेल, म्हणून ध्वनी बंद ठेवून वेगळं संगीत लावा. चाल मुळात नैसर्गिक असेल तर वेगाला हातच लावू नका.

याचा आग्रह कॅमेऱ्यासाठी. पास्त्रोनेने पेटंट घेतलेल्या चाकांच्या गाडीवरून तो संथपणे तिरका सरकतो आणि कार्थेजच्या दालनांची खोली उलगडते. वेग वाढला की हे सौंदर्यच हरवतं. प्रेक्षकांना पुढच्या खांबावर नजर ठेवायला सांगा; मागची भिंत त्याच्यामागून कशी सरकते ते लगेच कळतं.

टीव्ही असेल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, चित्र 4:3 ठेवा. रुंद पडदा भरण्याच्या नादात माणसांची डोकी आणि मजकुराच्या ओळी कापल्या जातात. लाल-निळ्या छटा रंगदोष समजून काढू नका. त्या मुद्दाम दिलेल्या आहेत.

दृश्यांमधल्या पाट्यांवरचा मजकूर इटालियन कवी दानुंझिओचा, भरजरी आणि लांबलचक. भाषांतर मोठ्याने वाचणाऱ्याने फक्त आशय सांगावा, नाहीतर पुढचं दृश्य सुरू झालं तरी वाचन चालूच राहतं. कथेतली एलिस्सा नावाची तरुणी म्हणजेच काबिरिया, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवा. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो.

मोलोकच्या बळीविधीसाठी संगीतकार पिझ्झेत्तीने वाद्यवृंद, बॅरिटोन आणि समूहस्वर यांची ‘अग्नीची सिंफनी’ रचली होती. ध्वनिमुद्रण मिळालं तर तिथे तीच वाजवा. मध्यंतर बलदंड गुलाम माचिस्ते जात्याला जखडला जातो तिथे घ्या.