कोंबड्यांच्या जंतांवर झाडपाल्याचा अर्क: कसा करावा, खाद्यातून कसा द्यावा

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा या पट्ट्यात पाऊस लागला की खुराड्यातली जमीन आठवडेच्या आठवडे ओली राहते. विष्ठेतून पडलेली गोलकृमीची अंडी अशा उबदार ओलीत दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात. दुसरी कोंबडी तीच टिपते. झाडपाल्याचा अर्क आतड्यातल्या जंतांचा जोर कमी करायला मदत करतो, पण जमिनीवरच्या अंड्यांना त्याने काही होत नाही. म्हणून अर्क आणि खुराड्याची सफाई एकाच आठवड्यात करा.

आधी जंत आहेत का ते पाहा. रविवारी रश्श्यासाठी कोंबडी कापली की आतडं फेकण्याआधी उभं चिरून बघा. शेवयांसारखे पांढरे, पाच ते बारा सेंटिमीटर लांब किडे दिसले तर ते गोलकृमी. चपटी, फितीसारखी तुकडे-तुकडे जोडलेली असेल ती पट्टकृमी. ती मुंग्या, माश्या आणि भुंगेरे खाल्ल्याने होते. कोंबडी कापायची नसेल तर चार-पाच पक्ष्यांची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत भरून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. अंदाजाने उपचार सुरू करू नयेत, कारण तुरा फिका पडणं, वजन न धरणं, अंडी कमी होणं ही लक्षणं दुसऱ्या आजारांतही दिसतात.

पिल्लांना रक्ताची हगवण लागली असेल तर अर्काच्या नादी लागू नका. तो बहुधा कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवीचा आजार असतो, त्यात पिल्लं पटापट मरतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता अर्क. पंचवीस मोठ्या कोंबड्यांना दिवसाला साधारण तीन किलो खाद्य लागतं, त्या हिशेबाने हे प्रमाण आहे. कडुलिंबाचा मूठभर, म्हणजे 20 ग्रॅम ओला पाला अर्धा लिटर पाण्यात पाव लिटर उरेपर्यंत उकळा आणि गाळून गार होऊ द्या. सोललेला लसूण 30 ग्रॅम घेऊन खलबत्त्यात ठेचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. ठेचल्यावरच त्यातला ॲलिसिन हा तिखट घटक तयार होतो. गरम काढ्यात टाकला तर तो उडून जातो, म्हणून काढा बोटाला गार लागेपर्यंत थांबाच. मग लसूण त्यात कालवा आणि 15 ग्रॅम हळद घाला.

हा अर्क एकदम सगळ्या खाद्यावर ओतू नका. आधी अर्धा किलो भरड्यात हाताने चोळून एकजीव करा, मग ते उरलेल्या खाद्यात मिसळा, म्हणजे प्रत्येक कोंबडीच्या वाट्याला सारखा जातो. सकाळी उपाशीपोटी द्या, मोकळं सोडण्याआधी. ओलं खाद्य संध्याकाळी उरलं तर फेकून द्या, पावसाळी हवेत त्याला लगेच बुरशी धरते. सलग सहा-सात दिवस द्या, तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढेच दिवस.

कडुलिंब वाढवायचा मोह टाळा. कडू लागलं की कोंबड्या खाणं सोडतात, अंडी घटतात. निंबोळीची पेंड तर खाद्यात घालूच नका. लसूण जास्त झाला तर अंड्याला वास येतो. पपईच्या चिकातलं पपेन जंताची बाहेरची कातडी विरघळवतं हे खरं, पण चीक मोजून देणं अवघड आणि तो डोळ्या-हाताला चावतो. पळसपापडी आणि वावडिंग जुन्या काळापासून जंतांवर वापरतात. तरी ती डॉक्टरांना विचारूनच.

त्याच आठवड्यात खुराड्यातलं जुनं तूस उचलून लांब खड्ड्यात टाका. जमीन उन्हात चांगली वाळू द्या, कारण जंतांची अंडी साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत, ऊन आणि कोरडेपणाच त्यांना मारतो. नवं कोरडं तूस तीन इंच अंथरा, रोज उकरत राहा. खाद्य-पाण्याची भांडी पाठीच्या उंचीला टांगा. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. तीन महिन्यांखालच्यांना जंत जास्त छळतात. शेवग्याचा पाला रोज द्या, 'अ' जीवनसत्त्व कमी पडलेल्या पक्ष्यात जंत अधिक फोफावतात.

दुसरा फेरा संपल्यावर दहा-बारा दिवसांनी विष्ठा परत तपासा. जंतांची अंडी तेवढीच दिसली तर डॉक्टरांकडून अल्बेंडाझोल किंवा पिपराझिनसारखं औषध घ्या, आणि त्यानंतर किती दिवस अंडी-मांस खायचं नाही तेही त्यांनाच विचारून ठेवा.