दारासमोरच्या तीन पायऱ्या: कॅनडातलं घरगुती डेकेअर, बर्फ आणि विमा

ऑन्टारियोत येऊन घरीच डेकेअर सुरू करणाऱ्या मराठी बायकांचे मला फोन येतात. फी किती ठेवायची, डब्यात काय द्यायचं, लायसन्स लागतं का, हे सगळं विचारतात. विम्याचं सहसा कुणी काढत नाही. काढलंच तर "मूल खेळताना पडलं तर?" एवढंच. ब्रॅम्प्टनमध्ये बरेच हिवाळे हे काम केल्यावर माझं मत असं झालंय की खरी जोखीम खेळायच्या खोलीत नाही. ती सकाळी साडेसातला दारासमोरच्या पायऱ्यांवर असते, आणि तिथे घसरतात ती मोठी माणसं. एका हातात मूल आणि दुसऱ्यात बॅग घेऊन घाईत निघालेला बाप, नाहीतर नातवाला सोडायला आलेली आजी. आजी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली, पायात गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्‌स शूज. तिला ओहिप, म्हणजे ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा, नाही, असलाच तर प्रवासी विमा. खुब्याचं हाड मोडलं तर बिल केवढं येईल याचा अंदाज करा, आणि ते कुणाकडे मागितलं जाईल याचाही.

ऑन्टारियोच्या ऑक्युपायर्स लायबिलिटी अ‍ॅक्टप्रमाणे जागेचा ताबा ज्याच्याकडे, त्यानं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यायची असते. 'वाजवी' हे लक्षात ठेवा. अंगणात बर्फाचा कण दिसू नये अशी अपेक्षा कुणी करत नाही, पण तुम्ही काय केलंत ते दाखवता आलं पाहिजे.

आता विमा. घराच्या साध्या पॉलिसीत धंदा बसत नाही. पैसे घेऊन मुलं सांभाळणं हा धंदाच, मग ती दोन का असेनात. कंपनीला न सांगता डेकेअर चालवलं तर पायरीवरच्या अपघाताचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. एवढंच नाही, माहिती लपवली म्हणून उद्या आगीच्या किंवा पाणी शिरल्याच्या क्लेमलाही खोडा बसू शकतो. म्हणून ब्रोकरला फोन करून सरळ सांगायचं: घरी डेकेअर आहे, इतकी मुलं, या वयाची, या वेळात. काही कंपन्या त्याच पॉलिसीला जोड देतात, काही नकार देतात. मग वेगळी कमर्शियल लायबिलिटी पॉलिसी घ्यावी लागते. मुलांचा आकडा खरा सांगा. लायसन्सशिवाय १३ वर्षांखालची पाचच मुलं ठेवता येतात, त्यात दोन वर्षांखालची तीनपेक्षा जास्त नकोत, आणि चार वर्षांखालचं स्वतःचं मूलही त्यात धरायचं. पॉलिसीत तीन आणि घरात पाच असा हिशोब असेल तर हप्ता भरून उपयोग काय? एक मिलियन डॉलरचं कव्हर पुरेल म्हणतात. मी दोनचं घेते. लायसन्स असलेल्या डेकेअर एजन्सीतर्फे काम करत असाल तर एजन्सीच्या पॉलिसीत तुमच्या घराच्या पायऱ्या आणि ड्राइव्हवे येतात का, ते लेखी मागा. तोंडी "हो हो, सगळं कव्हर आहे" धरू नका. मुलांना शाळेतून गाडीनं आणत असाल तर गाडीच्या विमा कंपनीलाही कळवायचं.

बेसमेंटमध्ये भाड्यानं राहून डेकेअर चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भाडेकरारात "बर्फ भाडेकरूनं काढायचा" असं एक वाक्य घालून घरमालक मोकळा होत नाही. बेसमेंटच्या दारापर्यंतच्या सामायिक वाटेवर एक भाडेकरू पडली, त्या खटल्यात ऑन्टारियोच्या अपील कोर्टानं २००९ मध्ये हेच सांगितलं. बर्फ काढायचं काम भाडेकरूला द्यायचं तर तो वेगळा, स्वतंत्र करार हवा. पण याचा अर्थ तुम्ही हात झटकायचे असा नाही. डेकेअर तुमचं आहे, माणसं तुमच्याकडे येतात.

मी दाराशी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, तापमान, काय केलं: "६:४०, उणे ७, पायऱ्या साफ, मीठ टाकलं." कधीकधी फोनवर फोटोही. दोन मिनिटांचं काम, पण वर्षभरानं वकिलाचं पत्र आलं तर आठवणीवर विसंबावं लागत नाही. मिठाचंही समजून घ्या. साधं रॉक सॉल्ट उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती वाळू. आणि छताच्या पन्हळीचा पाइप कुठे तोंड काढतो ते आजच बघा. दुपारी वितळलेलं पाणी तिथून वाटेवर येतं, रात्री गोठतं आणि सकाळी फरशी नुसती ओली दिसते. ती ओली नसते.

कुणी पडलंच तर आधी माणूस बघा, मग फोटो. "सॉरी" म्हणायला घाबरू नका. ऑन्टारियोत २००९ पासून कायदाच आहे की माफी मागितली म्हणजे दोष कबूल केला असं कोर्टात धरत नाहीत. पण "खर्च मी देते" असं बोलू नका, ते विमा कंपनीनं ठरवायचं. जानेवारी २०२१ पासून खाजगी जागेत बर्फावर पडलेल्यानं ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं, काही अपवाद सोडून. असं पत्र आलं की स्वतः उत्तर न लिहिता त्याच दिवशी ब्रोकरकडे पाठवा. पालकांकडून "आमची जबाबदारी" अशी सही घेऊन ठेवणाऱ्या बऱ्याच आहेत. मुलाच्या हक्कावर आईबापांनी सोडलेलं पाणी कोर्ट मान्य करेल, या भरवशावर मी तरी राहणार नाही.

फ्रीझिंग रेनचा, म्हणजे पडताच गोठणाऱ्या पावसाचा, इशारा आला की मी आदल्या रात्रीच पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकते: उद्या दहाच्या आधी येऊ नका, किंवा सरळ बंद. कुरकुर होते, विशेषतः ज्यांची शिफ्ट सातची असते त्यांची. त्या दिवसाची फी मात्र घेते. करारात पहिल्या पानावरच लिहिलंय.