निसर्गचित्र रंगवायला बसताना या चुका टाळा

वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर जलरंगात काम करायला बसलेल्या तरुण चित्रकारांची चित्रे फसतात, त्याचे कारण बहुधा हाताच्या कौशल्यात नसते. पुरेसे पाहण्याआधीच ब्रश पाण्यात बुडवलेला असतो. तिथे नाना फडणविसांचा वाडा, मंदिरे, पायऱ्या आणि नदी एकाच नजरेत मावतात, आणि ते सगळे एकाच कागदावर उतरवण्याचा मोह होतो. आधी वहीत तळहाताएवढी दोन-तीन पेन्सिलीची रेखाटने करून गडद आणि उजळ भाग ठरवावेत, आणि त्यात जे बसत नाही ते सोडून द्यावे.

सूर्य तासाला सुमारे 15 अंश सरकतो. त्यामुळे नऊला आखलेली सावली अकराला जागेवर नसते, आणि चित्रकार ती पुन्हापुन्हा दुरुस्त करत बसला की चित्रात दोन वेळांचा उजेड मिसळतो. सावल्यांचे आकार सुरुवातीलाच नक्की करावेत आणि मग कितीही वाटले तरी ते बदलू नयेत.

सर्वांत जास्त चित्रे बिघडतात ती रंग ठाऊक असल्याच्या समजुतीने. झाड हिरवे आणि दगड काळा हे मन आधीच सांगून मोकळे होते. वास्तविक घाटाच्या बेसाल्टची पायरी नीट पाहिली, तर तिच्या वरच्या पृष्ठभागावर आकाशाची निळसर झाक असते, उभ्या बाजूवर समोरच्या उन्हाचा उबदार उजेड परावर्तित झालेला असतो, आणि पाण्यालगत ओल व शेवाळ यांमुळे तोच दगड गडद होतो. म्हणून ट्यूबमधला काळा बाजूला ठेवून अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करडा तयार करावा. प्रमाण बदलताच हा करडा थंड किंवा उबदार होतो. हिरव्याचेही तसेच आहे. आंबा, बाभूळ आणि ऊस यांना एकच सॅप ग्रीन फासू नये. निळ्यात गँबोज यलो घालून, कणभर सिएनाने त्याचा भडकपणा मारावा.

पावसाळ्यात वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर, लवकर सुकत नाही. अर्धवट ओल्या रंगावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की दातेरी कडांचे डाग उमटतात. कागदावरची चकाकी गेली म्हणजे तो सुकला असे नव्हे. हाताची मागची बाजू जवळ नेल्यावर गारवा जाणवला, तर थांबावे. डाग पडलाच तर तो घासू नये, पूर्ण सुकू द्यावा आणि मग ओलसर ब्रशने कडा हलक्या हाताने सैल करावी.

रंग टीपकागदासारखा आत शोषला जात असेल, तर दोष तुमचा नाही. दमट हवेत कागदावरचे सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, खराब होते, विशेषतः कोकणात. असा कागद कोळशाच्या रेखाटनांसाठी वापरावा आणि नवा कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावा.